जखमेवरचं कोलॅजेन कशाचं असतं, आणि शेवटी ते जातं कुठं?

मूलचे_मास्तर
नमस्कार मंडळी. धागा काढायचं कारण एका आईचा प्रश्न आहे. आमच्या शाळेत पोषण आहार शिजवणाऱ्या बाईंच्या मुलीच्या पायावर उकळतं तेल सांडलं. शहरातल्या एका मोठ्या रुग्णालयात उपचार झाले. मुलगी आता बरी आहे, शाळेत येते. उपचारात जखमेवर कोलॅजेन शीट लावली होती. बाईंनी तेव्हा विचारलं, "हे कायचं हाय जी? माह्या पोरीच्या अंगाले काय चिकटवून रायले?" उत्तर मिळालं, "चांगलं असतं, महागाचं असतं." संमतीचा कागद इंग्रजीत होता, त्यावर बाईंचा अंगठा आहे.

गावाकडच्या माणसाला आपल्या अंगावर काय लावलं जातंय ते कळलंच पाहिजे, हे माझं ठाम मत आहे. "यांना काय समजणार" ही समजूत मला मान्य नाही. आठवीच्या पोरांना मी प्रथिनं शिकवतो आणि त्यांना ती समजतात. म्हणून वाचायला बसलो. वाचलं ते मांडतो, पुढचं जाणकारांनी सांगावं.

कोलॅजेन हे आपल्याच शरीरातलं प्रथिन आहे. अंगातल्या एकूण प्रथिनांपैकी साधारण २५ ते ३० टक्के तेच. कातडी, कंडरा, कूर्चा, रक्तवाहिन्यांच्या भिंती, हाडं, सगळीकडे त्याचे तंतू असतात. आतापर्यंत त्याचे २८ प्रकार सापडलेत. कातडीत आणि हाडात मुख्यतः पहिला प्रकार. एक रेणू सुमारे ३०० नॅनोमीटर लांब आणि जेमतेम दीड नॅनोमीटर जाड, तीन साखळ्या एकमेकींत पिळलेल्या. प्रत्येक साखळीत दर तिसऱ्या जागी ग्लायसिन हेच अमिनो आम्ल येतं, कारण पिळाच्या मधोमध इतकी कमी जागा उरते की सगळ्यात लहान तेच तिथे मावतं.

हा तिहेरी पीळ आपल्याच देशात ओळखला गेला, हे मला माहीत नव्हतं. मद्रास विद्यापीठात जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कार्था यांनी कांगारूच्या शेपटीतल्या कंडरेवर क्ष-किरण टाकून ही रचना मांडली आणि १९५४ साली 'नेचर'मध्ये छापली. पाठ्यपुस्तकात डीएनएचा दुहेरी पीळ असतो. त्याच्या शेजारी दोन ओळी या तिहेरी पिळालाही मिळायला हव्यात.

आता माझे प्रश्न. ही शीट कातडीत मुरते की गळून पडते? कुठल्या प्राण्याची असते? आणि आपल्या भागात ज्या जखमा होतात, म्हणजे चुलीचं भाजणं, साप चावून सडलेलं मांस, साखरेच्या रुग्णाचा पाय, त्यांना तिचा खरोखर किती उपयोग?

---

लॅबमधली_वरोरेकर
मास्तर, धागा काढलात ते फार बरं केलं. मी मूळची वरोऱ्याची, सध्या राज्याबाहेर एका प्रयोगशाळेत याच साहित्यावर काम करते. एक फरक आधी स्पष्ट करते, कारण इथे डॉक्टरांकडूनही गल्लत होते.

त्या मुलीला लावलेली शीट बहुतेक निव्वळ आच्छादन असणार. भाजणं वरवरचं असेल तर कातडीचा खालचा थर, म्हणजे अंतस्त्वचा, बराचसा शिल्लक असतो. केसांच्या मुळांशी आणि घामाच्या ग्रंथींत जिवंत पेशी असतात, त्या वर सरकून नवी कातडी धरतात. शीट तोपर्यंत जखम ओली ठेवते, पाणी झिरपू देत नाही, उघड्या नसांना झाकते म्हणून दुखणंही कमी होतं. खाली कातडी आली की शीट कडेनं वाळून सुटते. म्हणजे गळून पडते, मुरत नाही.

स्कॅफोल्ड, म्हणजे पेशींना वाढायला दिलेला तात्पुरता सांगाडा, ही वेगळी वस्तू. भाजणं खोल गेलं तर अंतस्त्वचाच नष्ट होते आणि माणसाच्या शरीराला ती पहिल्यासारखी परत बनवता येत नाही. तिथे आकसणारा व्रण तयार होतो, सांध्यावर असला तर हातपाय वाकडे होतात. अशा ठिकाणी कोलॅजेनचा सच्छिद्र स्पंज बसवायचा, त्यात रुग्णाच्याच पेशी आणि रक्तवाहिन्या शिरू द्यायच्या, आणि त्यांनी स्वतःचं कोलॅजेन विणेपर्यंत त्या स्पंजानं टिकायचं.

हे पहिल्यांदा नीट जमवलं ते बोस्टनमध्ये शल्यविशारद जॉन बर्क आणि एमआयटीचे आयोनिस यानस यांनी. बैलाच्या कंडरेतलं कोलॅजेन, त्यात शार्कच्या कूर्चेतलं कॉन्ड्रॉइटिन सल्फेट, आणि वरून सिलिकॉनचा पातळ थर. १९८१ साली त्यांनी १० रुग्णांचे निष्कर्ष छापले. त्या रुग्णांचं ५० ते ९५ टक्के अंग भाजलेलं होतं. एवढ्या भाजलेल्या माणसाच्या अंगावर कलम करायला निरोगी कातडी उरतच नाही, यावरून त्या कामाचं मोल कळतं. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं त्याला १९९६ मध्ये मान्यता दिली. आजही पद्धत तीच आहे. दोन-तीन आठवड्यांत खाली रक्तपुरवठा असलेला थर तयार झाला की सिलिकॉन सोलून काढायचं आणि रुग्णाच्याच कातडीचं अगदी पातळ कलम वर लावायचं.

स्पंजातली छिद्रं कशी पाडतात ते मला सगळ्यात सुंदर वाटतं. कोलॅजेन सौम्य ॲसिटिक आम्लात विरघळवून ते मिश्रण गोठवायचं. बर्फाचे स्फटिक वाढतात आणि तंतूंना कडेला सारतात. मग निर्वातात त्या बर्फाची थेट वाफ होऊ द्यायची. जिथे स्फटिक होता तिथे पोकळी राहते. झपाट्यानं गोठवलं तर स्फटिक बारीक, छिद्रं बारीक. सावकाश गोठवलं तर मोठी. कातडीसाठी साधारण २० ते १२५ मायक्रॉनची छिद्रं चांगली ठरली आहेत, आणि एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. त्याहून लहान असली तर पेशी आत शिरत नाहीत, फार मोठी असली तर पेशींना धरायला पृष्ठभागच पुरत नाही. पेशींच्या अंगावर इंटिग्रिन नावाचे रेणू असतात, ते कोलॅजेनवरच्या ठरावीक जागा ओळखून पकडतात. प्लास्टिकचा स्पंज कितीही स्वस्त पडला तरी या जागा त्यावर आयत्या मिळत नाहीत.

यातलं अवघड काम आहे वेळ जुळवणं. स्लॅब पक्का व्हायच्या आधी सेंट्रिंग काढलं तर छत खाली येतं, आणि काढलंच नाही तर घरात राहता येत नाही. इथे काढणारे आपल्याच शरीरातले विकर असतात, ते कोलॅजेन तोडत जातात. नुसता कोलॅजेनचा स्पंज फार लवकर विरघळतो. म्हणून तंतूंमध्ये आडवे सांधे घालतात, त्याला आम्ही क्रॉसलिंकिंग म्हणतो. पूर्वी ग्लुटराल्डिहाइड सर्रास वापरत, पण त्याचा अंश राहिला तर पेशी मरतात. आता कमी विषारी रसायनं आहेत, किंवा निर्वातात १०५ अंशांच्या आसपास कोरडी उष्णता देतात. सांधे किती घालायचे यावरच आमची निम्मी भांडणं असतात.

---

ड्रेसिंगवाली_सिस्टर
वर्धा जिल्ह्यात ग्रामीण रुग्णालयात नोकरी केली, आता निवृत्त आहे. ताईंनी शास्त्र सांगितलं, मी हातानं केलेलं सांगते.

शीटचं पाकीट फोडलं की ती अल्कोहोलच्या द्रावणात असते. सलाईननं नीट धुतल्याशिवाय लावली तर रुग्ण कळवळतो. जखमेवर मेलेली कातडी, पू, काळा खपला काहीही नको. घाणीवर शीट लावली तर ती झाकण होते आणि आत पू पिकतो. लावल्यावर खाली पाण्याचा फुगा दिसला, वास आला, ताप चढला तर शीट काढायची, पैसे गेले तरी काढायची. नातेवाईक म्हणतात, "सिस्टर, एवढ्या महागाची आहे, राहू द्या." नाही राहू द्यायची.

कुष्ठरोगाचे रुग्ण मी खूप पाहिले. तळपायाला संवेदना नसते, म्हणून जखम होते आणि त्याच जखमेवर माणूस चालत राहतो. तिथे कितीही भारी कोलॅजेन लावा, पायावरचा भार काढला नाही तर जखम भरत नाही. साखरेच्या पायाचंही तसंच. भार काढा, साखर आटोक्यात आणा, पायात रक्त पोचतं का ते तपासा, आणि मग शीटचं बोला. नाग चावून मांस सडलं असेल तर आधी सडलेलं सगळं काढून खाली लाल, रक्ताळ मांस यावं लागतं.

आणि भाजल्याबरोबर काय करायचं ते पुन्हा लिहिते, कारण अजूनही टूथपेस्ट, शाई, हळद, शेण लावून लोक येतात. वाहतं साधं गार पाणी, २० मिनिटं. बर्फ नको. मग स्वच्छ ओलसर कापड आणि दवाखाना. अर्धी लढाई तिथेच जिंकता येते.

---

वऱ्हाडी_गडी
राजेहो, मी दर्यापूरकडचा. तुमचं वाचून एक इचारतो. माह्या लहान भावाचं तोंड उघडत नाही. दोन बोटं बी जात नाहीत. शाळेत होता तवापासून खर्रा खाऊन रायला. जरासं तिखट लागलं का तोंडात आग होते. डॉक्टरनं सांगतलं का गालाच्या आतून कापा लागते, अन् तिथं कोलॅजेनचा पडदा लावतो म्हणते. हे तेच कोलॅजेन होय काय? अन् त्यानं तोंड उघडन काय?

---

वणीचा_दंतवैद्य
भाऊ, तेच कोलॅजेन. तुम्ही विचारलंत ते फार महत्त्वाचं आहे, म्हणून सविस्तर लिहितो. माझ्याकडे असे रुग्ण सतत येतात आणि बहुतेक तिशीच्या आतले असतात.

तुमच्या भावाला झालंय त्याला सबम्युकस फायब्रोसिस म्हणतात. हा मुळात कोलॅजेनचाच आजार आहे, फक्त नको त्या जागी नको तितकं झालेलं. खर्रा म्हणजे सुपारी, तंबाखू आणि चुना एकत्र घोटलेला. त्यातल्या सुपारीत ॲरेकोलिन नावाचं रसायन असतं, ते गालातल्या फायब्रोब्लास्ट पेशींना डिवचतं आणि त्या जास्त कोलॅजेन तयार करतात. सुपारीत तांबंही भरपूर असतं. तंतूंना एकमेकांशी सांधणारं लायसिल ऑक्सिडेज हे विकर तांब्यावर चालतं, ते जोरात काम करायला लागतं. शिवाय सुपारीतले टॅनिन कोलॅजेनला असं धरून ठेवतात की जुनं कोलॅजेन तोडणाऱ्या विकरांना ते तोडता येत नाही. बनणं वाढलं, सांधे वाढले, तुटणं थांबलं. गालाच्या आत पांढरे कडक पट्टे येतात आणि तोंड मिटत जातं. तिखट सहन न होणं ही याची सुरुवातीची खूण असते, पण तेव्हा कुणी येत नाही.

शस्त्रक्रियेत ते पट्टे कापून तोंड उघडतात. मग गालाच्या आत उघडं मांस राहतं. त्यावर कधी कोलॅजेनचा पडदा लावतात, कधी गालातलीच चरबी ओढून घेतात, कधी नाकाशेजारची कातडी वळवून आत शिवतात. पडदा रक्तस्राव थांबवतो, दुखणं कमी करतो, खाली नवं अस्तर यायला वेळ देतो आणि काही दिवसांत विरघळून जातो. पण तो आकसणं थांबवत नाही. उघडलेली जखम परत आवळली जाते. ती आवळू द्यायची नसेल तर तोंड उघडण्याचे व्यायाम, दिवसातून अनेकदा, कित्येक महिने, दुखलं तरी. आणि खर्रा कायमचा बंद. व्यायाम सोडले किंवा पानठेल्यावर परत गेला तर शस्त्रक्रिया वाया जाते, हे मी स्वतः पाहिलं आहे.

यातून कर्करोग होण्याचा धोका खरा आहे. केरळात एर्नाकुलमला अशा रुग्णांचा १७ वर्षं पाठपुरावा केला, त्यात ७.६ टक्क्यांना तोंडाचा कर्करोग झाला. म्हणून पांढरा किंवा लाल चट्टा, न भरणारा फोड दिसला तर तुकडा तपासायला लगेच द्या. राज्यात गुटखाबंदी २०१२ ला झाली, आणि आपल्या भागात खर्रा अजून कोपऱ्याकोपऱ्यावर घोटला जातो. या गोष्टीचा मला मनापासून संताप येतो.

---

मूलचे_मास्तर
डॉक्टर, टॅनिनचं वाचून थांबलो. आमच्या गावात पूर्वी कातडं कमावायला बाभळीची साल वापरत. त्या सालीतही टॅनिनच असतं ना? म्हणजे कच्चं कातडं सडतं आणि कमावलेलं चामडं वर्षानुवर्षं टिकतं, त्यामागे हेच आहे?

---

लॅबमधली_वरोरेकर
हो मास्तर, अगदी हेच. कातडं म्हणजे मुख्यतः पहिल्या प्रकारचं कोलॅजेन. बाभळीच्या सालीतले टॅनिन तंतूंना एकमेकांशी बांधतात, मग जिवाणूंच्या विकरांना ते तोडता येत नाहीत. गावातल्या चर्मकारांच्या हातात हे ज्ञान पिढ्यान् पिढ्या होतं आणि त्याला कुणी रसायनशास्त्र म्हटलं नाही. चामड्यावर संशोधन करणारी केंद्रीय संस्था चेन्नईत १९४८ पासून आहे. कोलॅजेनवर आपल्या देशात जे काम झालं त्यातलं बरंच तिथलं आहे, आणि जखमेवरच्या कोलॅजेनपर्यंत ती वाट चामड्यावरूनच गेली.

आता तिन्ही गोष्टी शेजारी ठेवा. चपलेचं चामडं कधीच विरघळू नये, म्हणून सांधे भरपूर. खर्रा खाणाऱ्याच्या गालात सांधे नकोत, तरी वाढत जातात. आणि आमच्या स्पंजात ते मोजून घालायचे, पंधरा-वीस दिवस टिकेल इतकेच. प्रथिन एकच. ॲरेकोलिन आणि तांब्यानं गालात काय होतं ते वाचल्यावरच मला माझं काम खऱ्या अर्थानं कळलं, कारण सांधे जास्त झाले तर शरीर काय भोगतं ते तिथे दिसतं.

---

माळकरी_वाशीम
वाचतो आहे, सगळ्यांचे आभार. माझा प्रश्न मास्तरांच्या दुसऱ्या प्रश्नाशी जोडलेला आहे. घरात माळ आहे. वडिलांच्या पायाला मधुमेहाची जखम आहे आणि जो डबा आणायला सांगितला त्यावर 'बोवाइन' छापलेलं होतं. वडिलांना सांगू की नको, या विचारात मी आहे. नाही म्हटलं तर डॉक्टर रागावतील का? मासासुद्धा आमच्याकडे चालत नाही.

---

अचलपूरकर
माळकरी भाऊ, आमच्या घरी हाच प्रसंग येऊन गेला. अम्मीच्या हिरडीच्या शस्त्रक्रियेला पडदा लावायचा होता, तो डुकराचा निघाला. मी पाकीट वाचलं म्हणून कळलं. विचारल्यावर डॉक्टरांनी शांतपणे दुसरा पर्याय दिला, काही रागावले नाहीत. जीव जायची वेळ असेल तर गोष्ट वेगळी, त्याबद्दल आमच्या मौलानांचंही तेच म्हणणं होतं. पण वेळ हाताशी असताना विचारायला काय हरकत आहे? वडिलांना जरूर सांगा. शरीर त्यांचं आहे.

---

लॅबमधली_वरोरेकर
अचलपूरकरांशी पूर्ण सहमत. सांगायलाच हवं, आणि हे रुग्णानं विचारायची वेळ यायला नको, आधीच सांगितलं गेलं पाहिजे.

पाकिटावर बोवाइन म्हणजे गाय-बैल, पोर्साइन म्हणजे डुक्कर, इक्वाइन म्हणजे घोडा, फिश किंवा मरीन म्हणजे मासा. गाय-बैलांचं कोलॅजेन सर्वात जास्त अभ्यासलं गेलं आहे. मॅड काऊ रोगाच्या भीतीमुळे ते रोगमुक्त कळपांतूनच घ्यावं लागतं. प्रक्रियेत पेशी, चरबी, इतर प्रथिनं काढून टाकतात. बऱ्याचदा पेप्सिन वापरून रेणूची दोन्ही टोकंही कापतात, कारण शरीर परकं म्हणून ओळखतं ते बहुतांशी त्या टोकांना. तिहेरी पिळाचा भाग प्राण्याप्राण्यांत फारसा बदलत नाही, म्हणूनच बैलाचं कोलॅजेन माणसाला सोसतं.

डुकराच्या स्रोतातून दोन कामं अलीकडची आहेत. तिरुअनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेनं डुकराच्या पित्ताशयातल्या पेशी काढून उरलेल्या जाळीपासून जखमेसाठी स्कॅफोल्ड बनवलं, त्याला २०२३ मध्ये आपल्या औषध नियंत्रकांची मान्यता मिळाली. आणि २०२२ मध्ये डुकराच्या कातडीतल्या शुद्ध कोलॅजेनपासून बनवलेला कॉर्निया भारत आणि इराणमधल्या २० रुग्णांच्या डोळ्यांत बसवल्याचं प्रसिद्ध झालं. तिथेही खरी करामत क्रॉसलिंकिंगची: पारदर्शकही राहिलं पाहिजे आणि लवकर विरघळताही कामा नये.

प्राणीच नको असेल तर माणसाच्या कोलॅजेनची जनुकं वनस्पतीत घालून ते पिकवता येतं. इस्रायलमध्ये हे तंबाखूच्या झाडात करतात. ज्या झाडाच्या पानानं आपल्याकडे इतकी तोंडं नासली, त्याच झाडाकडून माणसाच्या कोलॅजेनचं पीक घेतलं जातंय, हे वाचून मला मोठी उमेद वाटली. पण ते आज वाशीमच्या औषधाच्या दुकानात मिळणार नाही. तुमच्या वडिलांसाठी हाताशी असलेले पर्याय सिस्टर जास्त चांगले सांगतील.

---

ड्रेसिंगवाली_सिस्टर
माळकरी दादा, मधुमेहाच्या पायाला कोलॅजेनशिवायही जखमा भरतात. नियमित साफसफाई, भार काढणं, गरज पडली तर नळी लावून जखमेतलं पाणी ओढणारी पट्टी, आणि जखम लाल झाली की स्वतःच्या मांडीची कातडी. त्यात कुठल्याच प्राण्याचा प्रश्न येत नाही. डॉक्टरांना मोकळेपणानं सांगा.

भाजलेल्या जखमांसाठी मुंबईच्या सायन रुग्णालयात केळीच्या पानाची पट्टी वापरून अभ्यास झाला आहे, वरवरच्या भाजण्यावर ती चांगली चालते. पान निर्जंतुक केलेलं असतं, हे लक्षात ठेवा. परसातलं पान तोडून लावायचं नाही. खूप भाजलेल्यांसाठी मृत्यूनंतर दान केलेली त्वचाही वापरतात. मृत्यूनंतर सहा तासांच्या आत ती घ्यावी लागते आणि ८५ टक्के ग्लिसरॉलमध्ये वर्षानुवर्षं टिकते. नेत्रदानाबद्दल गावात बोलतो तसं त्वचादानाबद्दलही बोलायला हवं.

---

इटियाडोहचा_ढिवर
मी अर्जुनी मोरगावकडचा, आमची मच्छीमार सहकारी संस्था आहे. रोहू, कतला, मृगल, तिलापी निघते. बाजारात मासा साफ करून देताना खवल्याचे ढीग पडतात, ते खड्ड्यात जातात. ताई म्हणाल्या माशाचंही कोलॅजेन चालते. खवल्यात असते काय? आमच्या पोरांना यातून काही करता येईल काय?

---

लॅबमधली_वरोरेकर
दादा, असतं, आणि तुमच्या माशांचं चांगलं असतं.

खवला म्हणजे पहिल्या प्रकारच्या कोलॅजेनच्या थरांत बसलेलं हाडातलं खनिज. खनिज विरघळवून काढलं की कोलॅजेन उरतं. माशाच्या कोलॅजेनची अडचण असते उष्णतेची. ठरावीक तापमानाला तिहेरी पीळ सुटतो आणि त्याचं जिलेटिन होतं. थंड समुद्रातल्या कॉडचं कोलॅजेन सुमारे १५ अंशांनाच सुटायला लागतं, आपल्या अंगाचं तापमान ३७. पण मासा जितक्या कोमट पाण्यातला, तितकं त्याच्या कोलॅजेनमध्ये हायड्रॉक्सिप्रोलिन हे अमिनो आम्ल जास्त आणि पीळ घट्ट. खरगपूरच्या आयआयटीत रोहू आणि कतल्याच्या खवल्यांतलं कोलॅजेन तपासलं तेव्हा ते ३६ अंशांच्या आसपास टिकलं. म्हणजे आपल्या उन्हाळ्यात तापणाऱ्या तलावांतला मासा या कामात कॉडपेक्षा सरस ठरतो. वर क्रॉसलिंकिंग केलं की ३७ ओलांडता येतं.

जगात माशाच्या कातडीचा वापर सुरूही आहे. आइसलँडमधल्या कॉडच्या पेशीविरहित कातडीला अमेरिकेत २०१३ मध्ये मान्यता मिळाली, आणि ब्राझीलमध्ये फोर्तालेझाला भाजलेल्या रुग्णांवर तिलापीची निर्जंतुक कातडी वापरली गेली.

पण खवल्यापासून थेट जखमेपर्यंत उडी घेता येणार नाही, हे आत्ताच सांगते, नाहीतर कुणीतरी खोटी आशा विकत देईल. शरीरात विरघळणारं प्राणिज साहित्य आपल्या २०१७ च्या वैद्यकीय उपकरण नियमांत सर्वात कडक गटात येतं. प्रत्येक घाण्याचा स्रोत, जिवाणूंचे विषारी अंश, जड धातू, निर्जंतुकीकरण, सगळं सिद्ध करावं लागतं. संस्थेला आज जमण्यासारखं काम म्हणजे खवले जातीप्रमाणे वेगळे ठेवणं, लगेच धुऊन बर्फात किंवा नीट वाळवून साठवणं, आणि कुठल्या तलावातला मासा कधी निघाला याची वही ठेवणं. असा माल जिलेटिन आणि पेप्टाइड बनवणाऱ्यांना लागतो, प्रयोगशाळांनाही लागतो. आमच्याकडे संशोधनाला येणाऱ्या खवल्यांचा कुणालाच पत्ता नसतो, कुठला तलाव, कुठला हंगाम. तुमची वही असेल तर तुमचा माल वेगळा उठून दिसेल. मत्स्य विभागाशी आणि जवळच्या विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागाशी बोला. पत्राचा मसुदा मी लिहून देते, मला निरोप पाठवा.

---

ड्रेसिंगवाली_सिस्टर
आणि हे वाचून कुणी घरी माशाची कातडी किंवा खवले जखमेवर बांधू नका. कच्च्या माशावरचे जिवाणू जखमेत गेले तर पाय कापायची वेळ येते.

---

संत्रावाली_वरूड
सिस्टर, दुकानात कोलॅजेनची पावडर मिळते, दुधातून घ्यायची. सासूबाईंची जखम भरत नाही म्हणून एकानं सुचवली आहे. द्यावी का?

---

ड्रेसिंगवाली_सिस्टर
ताई, पोटात गेलेलं कोलॅजेन पचून अमिनो आम्लं आणि त्यांचे बारीक तुकडे होतात. ते आहे तसं उचलून जखमेवर जाऊन बसत नाही. त्या पैशात अंडी, दूध, डाळ, चणे द्या. अंगात प्रथिन कमी असलेला रुग्ण मी ड्रेसिंग करतानाच ओळखायची, जखम फिक्कट आणि पाणथळ असते. आणि तुमच्या बागेतलं संत्रं द्या. साखर असेल तर डॉक्टरांना विचारून प्रमाण ठरवा.

---

मूलचे_मास्तर
संत्र्याचं कारण मी सांगतो, हे मला शिकवायला आवडतं. साखळीतल्या प्रोलिनवर हायड्रॉक्सिल गट बसल्याशिवाय तिहेरी पीळ अंगाच्या उष्णतेला टिकत नाही. तो गट बसवणाऱ्या विकराला क जीवनसत्त्व लागतं. जुन्या काळी लांबच्या सफरीवर खलाशांना स्कर्व्ही व्हायचा, हिरड्यांतून रक्त यायचं, भरलेल्या जखमा उकलायच्या, ते याचमुळे. स्कॅफोल्ड कितीही उत्तम असलं तरी आतलं नवं कोलॅजेन रुग्णाच्याच पेशींना विणायचं असतं, आणि त्यांना हे लागतंच. आवळाही चालेल, आपल्या जंगलात भरपूर.

ताई, सिस्टर, डॉक्टर, तुमची उत्तरं मी मराठीत एका पानावर उतरवतो आहे. कशाचं बनलंय, कुठल्या प्राण्याचं, मुरतं की सुटतं, कधी काढायचं, नको असेल तर दुसरं काय, एवढंच. आमच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांनी ते भिंतीवर लावायचं कबूल केलं आहे. बाईंना मी आधीच वाचून दाखवलं. त्यांनी एक प्रश्न वाढवला: "पैसे किती, अन् योजनेत बसते काय?"

---

ड्रेसिंगवाली_सिस्टर
बाईंचा प्रश्न पानावर सगळ्यात वर घ्या. भाजल्याचे आणि कातडीच्या कलमाचे उपचार महात्मा फुले जनआरोग्य योजनेत येतात. पण त्या पॅकेजमध्ये ही शीट धरली आहे की बाहेरून आणायला लावतील, हे भरती होतानाच रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारायचं. चिठ्ठी हातात घेऊन औषधाच्या दुकानाकडे पळण्याआधी. रेशन कार्ड आणि आधार सोबत ठेवा.

---

वऱ्हाडी_गडी
डॉक्टरसाहेब, भावाले तुमचं सारं वाचून दाखवलं. येतो म्हणते. खर्रा आजपासून बंद करतो म्हणते, पाहू. येताना काय आणा लागते?

---

वणीचा_दंतवैद्य
भाऊ, माझ्याकडे इतक्या दूर यायची गरज नाही. नागपूरचं शासकीय दंत महाविद्यालय किंवा अमरावतीतला मुखशल्यचिकित्सक, तुम्हाला जवळ पडेल तिथे दाखवा. आधीच्या डॉक्टरांचे कागद आणि तुकडा तपासला असेल तर तो अहवाल न्या. तोंड किती उघडतं ते पट्टीनं वरच्या आणि खालच्या दातांमध्ये मिलिमीटरमध्ये मोजा आणि तारखेसह लिहून ठेवा. दर आठवड्याला तसंच मोजा. तिथे तीन गोष्टी विचारा: शस्त्रक्रियेची खरंच वेळ आली आहे का, की इंजेक्शन आणि व्यायामानं भागेल, पडदा लावणार असतील तर कुठल्या प्राण्याचा, आणि नंतरचे व्यायाम कोण शिकवणार. तिसऱ्याचं उत्तर मिळाल्याशिवाय शस्त्रक्रियेची तारीख घेऊ नका. खर्रा सोडल्यावर पहिले काही दिवस चिडचिड होईल, घरच्यांना सांगून ठेवा. तंबाखू सोडवण्यासाठी सरकारची मोफत दूरध्वनी सेवा आहे, १८००-११-२३५६. आज संध्याकाळीच त्याला लावून द्या.